निक्सी घड्याळातील उच्चदाब ट्रान्झिस्टर

निऑन वायूने भरलेल्या, उजळून अंक दाखवणाऱ्या निक्सी नळीत अंकांच्या आकाराची दहा ऋणाग्रे (ऋण टोके) असतात. त्यांपैकी हवे ते ग्राउंडला (शून्य व्होल्टांच्या टोकाला) जोडून तो अंक उजळवणारा एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर म्हणजे तिचा चालक. ही नळी बरोझ कंपनीने १९५५ च्या सुमारास बाजारात आणली. मात्र नॅशनल युनियनची इंडिट्रॉन नळी १९५४ मधली आणि तत्सम पेटंटे १९३० च्या दशकातली असल्याने आद्यत्वाचा मान बरोझला निर्विवाद देता येत नाही.

बंद असताना ट्रान्झिस्टरने किती व्होल्ट सोसावेत, यावर दोन मते आहेत. नळी पेटायला सुमारे १७० व्होल्ट लागतात. पेटल्यावर तिच्यावर साधारण १४० व्होल्ट उरतात. ७४१४१ या जुन्या चालक चिपच्या बंद टोकावरचा दाब साठेक व्होल्टांवरच अडतो, तरी अंक विझतो, कारण १७० वजा ६० म्हणजे ११० व्होल्टांवर नळी तग धरत नाही. यावरून एका पक्षाला साठ-सत्तर व्होल्ट पुरेसे वाटतात. हिशेब बरोबर आहे, पण पुरवठा २०० व्होल्टांवर गेला की नळीवर १४० उरतात आणि अंक विझेलच याची खात्री राहत नाही. ४५ व्होल्टच सोसणाऱ्या बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरमध्ये तर शेजारचे अंकही धूसर उजळण्याचा धोका असतो. म्हणून पुरवठ्याहून जास्त सोसणारा ट्रान्झिस्टर घेणे श्रेयस्कर. मल्टिप्लेक्सिंगमध्ये, म्हणजे अनेक नळ्या एकाच चालक-संचावर आळीपाळीने उजळवताना, धनाग्राच्या (धन टोकाच्या) बाजूला एमपीएसए ९२ हा उलट्या, पीएनपी जातीचा ट्रान्झिस्टर लावतात.

ऋणाग्रांसाठी एमपीएसए ४२ (३०० व्होल्ट) हा ट्रान्झिस्टर सर्वाधिक रूढ आहे. बीएफ ४२२ (२५० व्होल्ट) चालतो, पण त्याच्या पायांचा क्रम वेगळा. आयता बदलून लावल्यास फसगत होते. नळीला दोनेक मिलिअँपिअरच लागत असल्याने ५ व्होल्टांच्या नियंत्रक चिपकडून बेसला (ट्रान्झिस्टरच्या नियंत्रण-पायाला) ३३ किलोओहमचा रेझिस्टर सहसा पुरतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या दुकानांत एमपीएसए ४२ मिळेलच असे नाही. जळालेल्या सीएफएल दिव्याच्या सर्किट-पट्टीवरचे १३००३ हे ट्रान्झिस्टर मात्र भंगारातही सापडतात. २३० व्होल्टांची वीज एकदिश केल्यावर सव्वातीनशेपर्यंत जाते, त्यामुळे ते ४०० व्होल्टांचे असतात. दोन मिलिअँपिअरसाठी दीड अँपिअरचा ट्रान्झिस्टर हा थाटच म्हणायचा! त्यांची प्रवर्धनक्षमता (बेसचा प्रवाह वाढवण्याची क्षमता) कमी असल्याने बेसला १० किलोओहम लावावा आणि पाय मीटरने तपासून घ्यावेत.

खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात घड्याळाच्या सर्किट-पट्टीवर उरलेल्या फ्लक्समधून (सोल्डरिंगच्या रसायनातून) विजेची गळती होऊन बंद अंक मिणमिणू शकतात. ट्रान्झिस्टर बदलण्याआधी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पूर्ण वाळवावी.