पर्यायी मोबाइल प्रणालीसाठी फोनची निवड

फोनबरोबर कंपनीने दिलेली प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) काढून तिच्या जागी लिनेजओएस, ग्राफीनओएस किंवा पोस्टमार्केटओएस यांसारखी मुक्तस्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेली, प्रणाली बसवता येते, पण ती वाटेल त्या फोनवर बसत नाही. घरच्या संगणकावर लिनक्स ही मुक्तस्रोत प्रणाली टाकताना यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याची सहसा चौकशी करावी लागत नाही, कारण संगणकातले बहुतेक भाग आपली ओळख प्रणालीला स्वतःच सांगतात. फोनमध्ये तशी सोय नसते. पडदा, कॅमेरा, स्पर्शाचा नियंत्रक, बॅटरीचे चार्जिंग यांतले काय कुठे जोडले आहे, हे प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे लिहून द्यावे लागते. त्यामुळे प्रत्येक नवे मॉडेल हे नवे काम ठरते. हे काम कोणत्या फोनसाठी करायचे आणि कोणत्या फोनला नाही म्हणायचे, हा या प्रकल्पांपुढचा कायमचा प्रश्न आहे. अधिकृत यादीत एखादा फोन घालणे म्हणजे तो ज्यांच्या हातात आहे त्यांना शब्द देणे होय, आणि निवडीचे बहुतेक नियम हा शब्द पाळता यावा यासाठीच झाले आहेत.

पहिली अडचण बूटलोडरची. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा हा छोटा प्रोग्रॅम कंपनीची सही असलेलीच प्रणाली पुढे जाऊ देतो. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये (काही परदेशी मोबाइल कंपन्यांनी विकलेले सोडून) सेटिंगमधला एक पर्याय आणि संगणकावरून दिलेली एक आज्ञा एवढ्यावर तो उघडतो. शाओमीच्या फोनसाठी खाते जोडून बरेचदा आठवडाभर थांबावे लागे. ह्वावेने २०१८ मध्ये कुलूप उघडण्याचे कोड देणेच बंद केले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या सॅमसंगच्या अनेक वरच्या मॉडेलांचे बूटलोडर कायमचे बंद होते, तर त्याच नावाचे इतर देशांतले फोन उघडता येत. दार उघडत नसेल तर फोन कितीही खपलेला असो, तो यादीत येऊ शकत नाही.

त्यानंतर पाहायचा तो कर्नल. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नल आहे आणि त्याच्या परवान्यानुसार फोन विकणाऱ्या कंपनीने आपल्या बदलांसह कर्नलचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. काही कंपन्या तो वेळेवर देतात, काही अर्धवट देतात, काहींकडून तो येतच नाही. मोडेम (मोबाइलच्या जाळ्याशी जोडणारा भाग), कॅमेरा, बोटाच्या ठशाचा संवेदक यांचे प्रोग्रॅम मात्र बंदिस्त असतात. स्वयंसेवक ते मूळ प्रणालीतून जसेच्या तसे उचलून नव्या प्रणालीत बसवतात. अशा बंदिस्त प्रोग्रॅमना ब्लॉब म्हणतात. चिप बनवणाऱ्या कंपनीने ते सुधारणे थांबवले की नव्या अँड्रॉइडशी त्यांचे जमेनासे होते, आणि बहुधा सर्वांत आधी कॅमेरा हटून बसतो.

कर्नल आणि ब्लॉब यांचे महत्त्व शाओमीच्या रेडमी नोट ४ या एकाच नावातून दिसते. २०१६ मध्ये चीनमध्ये आलेल्या रेडमी नोट ४ मध्ये मीडियाटेकची हीलिओ एक्स२० चिप होती, तर जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेल्या त्याच नावाच्या फोनमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ६२५. खोक्यावरचे नाव एकच, पण प्रणालीच्या दृष्टीने हे दोन वेगळे फोन. म्हणूनच प्रकल्पांत बाजारातले नाव न वापरता सांकेतिक नाव वापरतात: पहिला ‘निकेल’, दुसरा ‘मिडो’. क्वालकॉमच्या चिपचा स्रोत तुलनेने सहज मिळे आणि भारतात हा फोन भरपूर खपला होता, त्यामुळे मिडोभोवती स्वयंसेवक जमले आणि लिनेजओएसने तो अधिकृत यादीत घेतला. निकेलभोवती तशी मंडळी जमली नाहीत. चुकीच्या सांकेतिक नावाची फाइल फोनमध्ये टाकली तर तो सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते. नवख्या माणसाने आधी सेटिंगमधले मॉडेल पाहावे असे अनुभवी लोक पुन्हा पुन्हा सांगतात ते यामुळेच.

लिनेजओएस जन्मली त्या इतिहासाचाही निवडीशी संबंध आहे. तिच्या आधीची सायनोजेनमॉड ही प्रणाली स्वयंसेवकांनी वाढवली. पुढे तिच्याभोवती कंपनी उभी राहिली आणि कोणत्या फोनवर ती मिळेल हे करारांनी ठरू लागले. भारतात वनप्लस वन हा फोन आणि मायक्रोमॅक्सचा यू हा ब्रँड या दोघांनाही तिची व्यावसायिक आवृत्ती हवी होती, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सेवा बंद केल्या, तेव्हा त्याच स्रोतावरून लिनेजओएस सुरू झाली आणि निवड पुन्हा स्वयंसेवकांकडे आली.

लिनेजओएसमध्ये आजचा मुख्य नियम असा की प्रत्येक फोनला जबाबदार माणूस हवा. त्याला मेंटेनर म्हणतात, आणि तो फोन त्याच्याकडे असावा लागतो. वरवर हा नियम साधा वाटतो, पण माझ्या मते बाकी सर्व निकषांपेक्षा तो मोलाचा आहे. रात्रभरात बॅटरी का उतरते, कॉल चालू असताना फोन कानाजवळ नेला की पडदा विझतो की नाही, गाडीच्या ब्लूटूथवर आवाज तुटतो का, हे फोन रोज वापरणाऱ्यालाच कळते. अधिकृत यादीसाठी लेखी अटी आहेत: मूळ फोनमध्ये चालणारे वायफाय, ब्लूटूथ, कॅमेरा आणि कॉल चालले पाहिजेत, सुरक्षेच्या तपासण्या ढिल्या करता येत नाहीत आणि आपत्कालीन कॉल लागलाच पाहिजे. मेंटेनर दुसऱ्या फोनकडे वळला आणि त्याची जागा कोणी घेतली नाही, तर नव्या फाइल तयार होणे थांबते. कधी कारण अँड्रॉइडमध्येच असते. अँड्रॉइड १२ मध्ये नेटवर्कची जुनी यंत्रणा काढून नवी आणली गेली. ती जुन्या कर्नलवर चालत नसल्याने एप्रिल २०२२ मध्ये लिनेजओएस १९ आली तेव्हा अनेक जुने फोन मागे राहिले.

कॉलची अट भारतात आणखी कडक ठरते. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात टूजी-थ्रीजी नव्हतेच. त्यावर फोरजीवरचा कॉल व्हीओएलटीईने, म्हणजे इंटरनेटच्याच वाटेने आवाज पाठवून, लागतो. व्हीओएलटीईचा बराचसा भाग बंदिस्त प्रोग्रॅममध्ये अडकलेला असतो. त्यामुळे एखाद्या पर्यायी प्रणालीत इंटरनेट उत्तम चालते, पण जिओचे सिम घातलेल्या फोनवरून घरी साधा फोन लावता येत नाही, असे घडू शकते. उबंटू टच या आणखी एका पर्यायी प्रणालीत ही उणीव बरीच वर्षे राहिली. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी बंद झाल्यावर आपत्कालीन कॉल व्हीओएलटीईवर न लावू शकणारे फोन जाळ्यातूनच वगळण्यात आले.

ग्राफीनओएसचा निकष सुरक्षा हा आहे, आणि म्हणून तिची यादी वर्षानुवर्षे पिक्सेलपुरतीच राहिली. नवी प्रणाली बसवल्यावर तिच्याच सहीने बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करता येणे, पासवर्डचे रक्षण करणारी स्वतंत्र चिप आणि कंपनीकडून दर महिन्याला येणारी दुरुस्ती या तिच्या अटी आहेत. पिक्सेल ८ पासून सात वर्षांच्या अद्ययावतीकरणाची हमी आणि मेमरीतील चुका पकडणारी हार्डवेअरची सोयही मिळाली. गूगलपासून सुटण्यासाठी गूगलचाच फोन का घ्यावा, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो समजण्यासारखा आहे. पण कुलूप परत लागत नसेल तर हातात पडलेल्या फोनची प्रणाली कोणीही बदलू शकतो. ज्या पत्रकाराला किंवा वकिलाला तो धोका आहे, त्याच्यासाठी आखूड यादीच जास्त प्रामाणिक आहे. जून २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइड १६ चा स्रोत दिला, पण कोणता भाग कुठे जोडला आहे हे सांगणारी पिक्सेलसाठीची उपकरण-वर्णने दिली नाहीत. त्यामुळे इतर फोनांसाठी करावी लागणारी मेहनत पिक्सेलसाठीही करावी लागू लागली.

पोस्टमार्केटओएस याउलट वाट धरते. २०१७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अँड्रॉइडऐवजी अल्पाइन लिनक्स या आटोपशीर लिनक्स प्रणालीवर आधारित आहे. फोनला दहा वर्षे आयुष्य मिळावे हा त्याचा हेतू असल्याने २००९ चा नोकिया एन९०० देखील त्याच्या कक्षेत येतो. प्रत्येक फोनचा वेगळा भाग शक्य तितका लहान ठेवायचा आणि बाकी सर्व समान ठेवायचे, अशी त्याची रचना आहे. नुसता सुरू होणारा फोनही येथे नोंदवला जातो, पण चाचणीच्या गटात, म्हणजे वापरणाऱ्याची फसगत होत नाही. रेप्लिकंट या २०१० पासूनच्या प्रकल्पाने बंदिस्त प्रोग्रॅम शक्य तितके टाळण्याचे ठरवले, आणि त्यामुळे त्याची यादी गॅलेक्सी एस३ सारख्या मोजक्या जुन्या फोनांपाशी थांबली.

सर्व अटींत बसलेला फोनही भारतात एका ठिकाणी अडतो. अनेक बँकिंग आणि यूपीआय अ‍ॅप फोनची प्रणाली बदललेली नाही ना हे पाहणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीवर अवलंबून असतात, आणि उघड्या बूटलोडरचा फोन त्या तपासणीत सहसा नापास होतो. फोन यादीत आहे की नाही हे पाहताना आपल्या बँकेचे अ‍ॅप त्यावर चालते का, हेही येथल्या माणसाला आधी विचारून घ्यावे लागते. काही जण त्यासाठी मूळ प्रणाली असलेला एक जुना फोन घरी ठेवतात.