झिलईखालचे रंग आणि मुंबई

मुंबईत मातीकाम शिकवणाऱ्या कोणत्याही स्टुडिओत आज गेले, तर चाकांच्या मागच्या फळीवर रंगांच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. गुलाबी, पोपटी, लिंबाच्या सालीसारखा पिवळा, गर्द निळा अशा या तयार रंगांना सगळेजण ‘अंडरग्लेझ’ म्हणतात. बाटल्या बऱ्याचदा परदेशी असतात, त्यामुळे हे तंत्रही अलीकडेच बाहेरून आलेले आहे असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. बाटली नवी असली तरी झिलईखाली रंगवण्याची रीत या शहराला निदान १८७० च्या दशकापासून ठाऊक आहे, आणि त्याची साक्ष देणारी भांडी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाहता येतात.

रीत मुळात साधी आहे. भांडे कच्चे असताना किंवा पहिल्या भाजणीनंतर, म्हणजे ‘बिस्क’ झाल्यावर, त्यावर रंगकाम करायचे, वर पारदर्शक ग्लेझचा, म्हणजे झिलईचा, थर द्यायचा आणि पुन्हा भाजायचे. ग्लेझ वितळून काच होते आणि रंग तिच्याखाली कायमचा बंदिस्त होतो. अंडरग्लेझमध्ये रंगद्रव्याबरोबर पांढरी माती, थोडी काचेची भुकटी आणि डिंकासारखा चिकट पदार्थ असतो. तो ग्लेझसारखा वितळून ओघळत नसल्याने कुंचल्याची रेघ जिथे ओढली तिथेच राहते. झिलईवर रंगवून मंद आचेवर पक्की केलेली नक्षी वर्षानुवर्षांच्या घासण्याने पुसट होत जाते. खालच्या रंगाला पाणी आणि राख शिवतच नाही.

अडचण एकच, पण ती मोठी आहे. वर काच वितळेपर्यंत खालच्या रंगाने तग धरायचा असतो. नवव्या शतकात चीनमधील चांगशाच्या भट्ट्यांत लोह आणि तांब्याच्या रंगांनी झिलईखाली चित्रे काढली जात. १९९८ मध्ये इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ अरबी बांधणीच्या एका बुडालेल्या जहाजात सुमारे ६० हजार भांडी सापडली, त्यांतली बहुसंख्य चांगशाचीच होती. हा माल हिंदी महासागराच्या वाटेने पश्चिमेकडे निघाला होता. पुढे इराणमधील काशानच्या कारागिरांनी बाराव्या-तेराव्या शतकांत काळ्या आणि निळ्या रंगांत हे काम फार वरच्या दर्जाला नेले. मात्र चीनमधल्या जिंगदेझेनच्या पोर्सिलेनला, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांना, सुमारे १३०० अंशांची आच लागे, आणि त्या आचेत भरवशाने टिके तो कोबाल्टचा निळा. तांब्याचा लाल रंग कधी उमटे, कधी राखाडी पडे, तर कधी नाहीसाच होई. निळ्या-पांढऱ्या भांड्यांनी जग व्यापले त्यामागे सौंदर्यदृष्टीइतकीच ही रासायनिक सक्तीही होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३५१ हे साल घातलेल्या दोन फुलदाण्या आहेत, त्यांवरून चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला पूर्ण पक्व झाली होती हे कळते. चिनी भांड्यांशी आपला संबंध इतका जुना आहे की मराठीत पदार्थाचे नावच ‘चिनी माती’ पडले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी आणि जपानी भांडी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना या निळ्याची हुकमत वेगळी सांगायला नको.

मुंबईच्या कथेला वळण मिळाले ते सिंधमुळे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९३६ पर्यंत राहिला. हाला आणि आसपासच्या गावांतले कुंभार लाल मातीच्या फरशा नि सुरयांवर आधी पांढऱ्या मातीचे अस्तर चढवत, त्यावर कोबाल्ट आणि तांब्याने वेलबुट्टी काढत आणि वर झिलई देत. क्षारयुक्त झिलईखाली तांबे मोरपिशी होते. तोच तो मशिदींच्या आणि मकबऱ्यांच्या भिंतींवरचा रंग. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी शाळेत कुंभारकामाचा विभाग उभा केला तेव्हा ही सिंधी परंपराच हाताशी धरली आणि तिथले कारागीर मुंबईत आणले. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते, आणि तिथली फुले, प्राणी, मानवाकृती पाहता पाहता फुलदाण्यांवर उतरल्या. सिंधची झिलई, अजिंठ्याची रेषा आणि इंग्रज गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याला शोभेल असा घाट, अशी ती सरमिसळ होती. काही नमुने मला फार गजबजलेले वाटतात हे खरे. पण ज्यांत नक्षीला श्वास घ्यायला जागा ठेवली आहे ते आजही पाहत राहावेत असे आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की रंग, अस्तर आणि झिलई या तिन्ही गोष्टी त्या परंपरेत कारागीरच एकमेकांच्या अंदाजाने जुळवत असे.

इंग्लंडमध्ये मात्र ही एकहाती व्यवस्था तोवर मोडली होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली नक्षी पातळ कागदावरून भांड्यावर उमटवण्याची निळी छपाई जोसाया स्पोड यांनी १७८४ च्या सुमारास पक्की बसवली आणि हाताने रंगवण्याची गरजच संपली. १७९७ मध्ये क्रोमियमचा शोध लागल्यावर आच सोसणारा हिरवा मिळाला. कथिल आणि चुन्याच्या संगतीत तेच क्रोमियम गुलाबीही देऊ लागले. रंग बनवणे हा हळूहळू रसायनकारखान्याचा वेगळा धंदा झाला. खरी उडी विसाव्या शतकातली. १९४० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स सीब्राइट यांनी झिर्कॉन या खनिजाच्या स्फटिकात व्हॅनेडियम हा धातू बसवून निळा रंग तयार केला. झिर्कॉनला आचेची आणि झिलईच्या खाण्याची फारशी पर्वा नसते, त्यामुळे त्याच्या पोटात बसलेला रंगही सुरक्षित राहतो. पुढे याच युक्तीने प्रेसिओडिमियमचा पिवळा, लोहाचा पोवळ्यासारखा गुलाबी, आणि अखेरीस एरवी आचेत उडून जाणारा कॅडमियमचा लालही स्थिर झाला. कोबाल्टची सहाशे वर्षांची मक्तेदारी अशी संपली.

बाटलीत भरून विकण्याची कल्पना अमेरिकेतल्या शाळांनी आणि छांदिष्टांनी रुजवली. इंडियानापोलिसची ‘अमाको’ ही कंपनी १९१९ पासून शाळांना माती नि रंग पुरवते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर साच्यात ओतलेली भांडी घरी रंगवण्याची लाट तिथे आली तेव्हा तयार रंगांना हक्काची बाजारपेठ मिळाली.

मुंबईत मधल्या काळात रंग मागे पडला. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचे काम पणत्या, कुंड्या आणि माठांचे. माठाला झिलई दिली तर पाणी गार होणार नाही, तिथे या रंगांना जागाच नव्हती. स्टुडिओ-कुंभारांनी धरलेली वाट स्टोनवेअरची, म्हणजे मोठ्या आचेत भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या भांड्यांची. भाईंदरला काम करणारे, २०१३ चे पद्मश्री ब्रह्मदेव पंडित यांच्या पिढीसाठी ग्लेझ आणि भट्टीतली ज्वाला हीच शोभा होती. चित्र पुन्हा बदलले ते, माझ्या मते, विजेच्या भट्टीमुळे. गाळ्यात किंवा इमारतीच्या तळमजल्यावर गॅसची भट्टी लावणे सोपे नसते. विजेची लावता येते. पण तिच्यात ज्वाला नसल्याने गॅसभट्टीत ग्लेझवर अवचित उमटणाऱ्या छटा मिळत नाहीत आणि साधा ग्लेझ सपाट दिसतो. ती उणीव कुंचल्याने भरून काढायला अंडरग्लेझ अगदी सोयीचा ठरतो, आणि त्यातले बरेच रंग १००० अंशांच्या आसपास तसेच १२०० च्या वरही चालतात.

रंग एका कारखान्याचा आणि पारदर्शक ग्लेझ दुसऱ्याचा, ही नवी अडचण त्याच्याबरोबरच आली. ग्लेझमध्ये जस्त असेल तर क्रोमियमचा हिरवा तपकिरी पडतो, आणि क्रोम-कथिलाचा गुलाबी तर पार विटून जातो. नवशिक्याला वाटते आपला हात चुकला, आणि बाटलीवर छापलेला रंग पाहून तो हळहळतो. म्हणून सावध स्टुडिओंत प्रत्येक रंगाची एकेक पट्टी आपल्याच मातीवर, आपल्याच ग्लेझखाली, आपल्याच भट्टीत भाजून भिंतीवर टांगलेली असते, आणि विद्यार्थ्यांना बाटलीकडे न पाहता त्या पट्टीवरून रंग निवडायला सांगितले जाते.