ट्वायलाइटमधला 'ट्वाय' म्हणजे आपला 'द्वि'

ट्वायलाइट, म्हणजे संधिप्रकाश, या शब्दातला लाइट सगळ्यांना कळतो, ट्वाय मात्र तसाच राहून जातो. हा ट्वाय म्हणजे दोन, आणि तो संस्कृतातल्या द्वि चा अगदी जवळचा नातेवाईक आहे. संस्कृतात जिथे द आहे तिथे इंग्लिशच्या जुन्या शब्दांमध्ये ट सापडतो, दश आणि टेन, दंत आणि टूथ, तसंच द्वि आणि ट्वाय.

पण दोन कसले? दिवसातून दोनदा येतो म्हणून, असं खूपजण सांगतात आणि ते पटतंही, पण शब्दांचा इतिहास बघणाऱ्यांचा कल वेगळा आहे, त्यांच्या मते इथे ट्वाय म्हणजे अर्धा किंवा मधला, धड उजेड नाही आणि धड अंधारही नाही असा. आपली संध्या बघा, ती सम् आणि धा यांपासून, म्हणजे एकत्र आणणं, सांधणं. सांधा, संधी, सांज सगळे त्याच घरातले. इंग्लिश माणसाला त्या वेळी अर्धवट उजेड दिसला आणि आपल्याकडे दिवस-रात्रीचा सांधा दिसला, मला हा फरक फार आवडतो.

डस्क ची, म्हणजे तिन्हीसांजेच्या इंग्लिश शब्दाची, गोष्ट अजून वेगळी. हा मुळात वेळेचा शब्दच नाही, रंगाचा आहे. जुन्या इंग्लिशमध्ये डॉक्स म्हणजे गडद, काळसर, माणसाच्या केसांनासुद्धा म्हणायचे. वेळेचं नाव म्हणून तो रुळला सतराव्या शतकात. डॉन, म्हणजे पहाट, हा डे पासून आलाय, आणि डे व दिन कितीही सारखे वाटले तरी नातं नाही, वरचा द-ट चा नियम लावला की लगेच कळतं. उषेचं खरं नातं आहे ते ईस्ट शी! ईस्ट म्हणजे जिकडे पहाट होते ती दिशा.

आणि मग ग्लोमिंग, हाही सांजवेळेचाच शब्द. ऐकायला ग्लूम सारखा, म्हणजे उदास वाटतो, पण तो ग्लो च्या, म्हणजे मंद झळाळीच्या कुळातला समजला जातो. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी तो मागे पडला, स्कॉटलंडने जपला, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी रॉबर्ट बर्न्ससारख्या स्कॉटिश कवींमुळे परत सगळीकडे गेला.

स्कॉटलंडमधली संध्याकाळ आहेच तशी. सूर्य मावळला तरी वरच्या हवेवर त्याचं ऊन पडत असतं आणि हवा ते विखरून खाली पाठवते, तोच संधिप्रकाश. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत सिव्हिल ट्वायलाइट, दिवा न लावता बाहेरची कामं होतात. १२ अंशांपर्यंत नॉटिकल, कारण तेव्हा खलाशांना ठळक तारेही दिसतात आणि समुद्राचं क्षितिजही, म्हणून ताऱ्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढता यायचं. १८ अंशांपर्यंत अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल, त्यानंतर खरी काळी रात्र.

आता मुंबईत सूर्य जवळजवळ उभाच खाली उतरतो, त्यामुळे ते पहिले ६ अंश जूनमध्ये साधारण २४ मिनिटांत संपतात, म्हणजे आपली एक घटका! दिवेलागणीची घाई असते ती उगाच नाही. एडिनबरोत सूर्य तिरका तिरका घसरत जातो, तिथे जूनमध्ये याच ६ अंशांना तासभर लागतो, आणि नंतर तो १२ अंशांपर्यंतही पोचत नाही, साडेदहा अंशांच्या आसपास जाऊन परत वर यायला लागतो, म्हणजे काळी रात्र होतच नाही.

अजून उत्तरेला शेटलंड बेटांवर तर त्या दिवसांत मध्यरात्रीसुद्धा सूर्य जेमतेम साडेसहा अंश खाली असतो, उत्तरेकडचं आकाश रात्रभर उजळ, मावळतीचा उजेड सरकत सरकत उगवतीचा होतो. तिथल्या लोकांनी या रात्रींना स्वतःचं नाव ठेवलंय, सिमर डिम. सिमर म्हणजे तिकडच्या बोलीतला उन्हाळा आणि डिम म्हणजे अंधुक.