बेंड पाइप लीक होतोय? काही लावू नका, गाडी तशीच घेऊन या

जुनी बुलेट, येझदी, जावा किंवा आरएक्स १०० घेऊन आलेले मालक आल्या आल्या सांगतात, "बेंड पाइपाशी (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपाशी) फटफटतंय. मी थोडं लावून बघितलं." ते 'थोडं' खरवडून काढायला आमचा अर्धा दिवस जातो. म्हणून हा कागद छापलाय.

लावलेलं काय असतं? दोन गोळे एकत्र मळायची पुट्टी, नाहीतर लाल सिलिकॉनची ट्यूब. पुट्टी नळाला, टाकीला चांगलीच. पण इंजिनाच्या तोंडाशी, लोड असताना, धूर ५०० अंशांच्या वर जातो. सिलिकॉन साधारण ३०० च्या आसपास हात टेकतं. पुट्टी आधी जळते, मग कडक भाकरीसारखी तडकते आणि तिचे तुकडे आट्यांत घट्ट बसतात. मग येझदी-जावाचं रिंग नट (पाइप इंजिनाला आवळणारं गोल नट) त्याच्या खास हूक पान्यालाही दाद देत नाही. कुणी छिन्नी-हातोडीने ठोकलं तर आटेच जातात. पॅकिंगचं, म्हणजे जोडातलं सील बदलायचं, काम तिथून लेथ-वेल्डिंगवर जातं. खरवडायची मजुरी आम्ही वेगळी लावतो ती यासाठी. रागावू नका.

लीक होतं त्याचं कारण बहुतेक वेळा खराब पॅकिंग नसतं, तर पाइप ताणात बसवलेला असतो. मागचं ब्रॅकेट आधी आवळलं की पुढचं तोंड वाकडं बसतं, मग नट कितीही पिळा. आम्ही आधी सगळं ढिलं ठेवतो, पाइप हेडला (इंजिनाच्या तोंडाला) सरळ बसवतो, नंतर सायलेन्सरचा क्लॅम्प आणि ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. हे घरीही करता येतं, फक्त घाई नको.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हेडपाशी पॅकिंग नसतंच, पाइप नुसता आत ठोकून बसतो. तो सैल झाला असेल तर पाइपाचं तोंड बघावं लागतं. येझदी-जावाला वायसर (जोडात दाबून बसणारी धातूची कडी) लागतो. त्यांचा मैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तेव्हापासून बाजारात मिळणाऱ्या वायसरांचं माप एकसारखं नाही. म्हणून आम्ही तांब्याचा वायसर मापाने करून घेतो आणि लालसर होईपर्यंत तापवून मऊ करूनच बसवतो. वापरून वापरून तांबं कडक होतं, मग ते दाबलं जात नाही. जुना वायसर तापवून पुन्हा चालतो, तेव्हा तो फेकू नका.

थ्रॉटल सोडल्यावर बुलेट फट्ट करते म्हणून कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसू नका. आधी जॉइंटभोवती काळा पट्टा दिसतोय का बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाइपात उरलेलं पेट्रोल पेटतं. येझदी-जावासारख्या टू-स्ट्रोकला सायलेन्सरच्या जोडातून काळं तेल गळत असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता तेही सांगा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

जोडाला काही लावायचंच असेल तर एक्झॉस्टची पेस्ट, तीही स्वच्छ घासलेल्या थंड पाइपावर पातळ थर. मग दहा मिनिटं गाडी जागेवरच संथ चालू ठेवायची आणि रात्रभर हलवायची नाही. "तासात द्या ना" म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. तासात दिलेली गाडी आठवड्यात परत येते. पेस्ट आणि तयार वायसर दोन्ही आमच्याकडे मिळतात. घरी बसवणार असाल तर हूक पाना दिवसभरासाठी देतो. संध्याकाळी परत आणा, एवढंच.

काम झाल्यावर तुळजापूरला एक चक्कर मारून या, गाडी पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा दाखवा. नट एकदा तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.