गजरा घरी येऊन दरवळतो, गुलाब मात्र मुका

संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा घेतो तेव्हा त्याला नावापुरताच वास असतो. कळ्या मिटलेल्या, टणक. रात्री जेवणं उरकेपर्यंत त्या केसांतच उमलतात आणि खोलीभर दरवळ सुटतो. झाडावरून खुडून कितीतरी तास उलटलेले असतात, तरी फुलाचा कारखाना चालूच असतो. काही सुगंधी रेणू कळीत साखरेला बांधून ठेवलेले असतात. उमलताना विकरं, म्हणजे फुलातली एन्झाइम्स, ती गाठ सोडतात. बाकीचा माल ताजा तयार होतो.

पण खुडलेल्या फुलाचा वास झाडावरच्या फुलासारखाच असतो का? १९८०च्या दशकात अमेरिकेत ब्रज मुखर्जी या रसायनशास्त्रज्ञानं जिवंत आणि तोडलेल्या फुलांभोवतीची हवा गोळा करून तपासली. जाईच्या कुळातल्या चमेलीत लिनालूल हा वासातला घटक झाडावर सुमारे ३ टक्के होता, तोडल्यावर तो ३० टक्क्यांच्या घरात गेला. इंडोल ११ टक्क्यांवरून अडीचवर आलं. इंडोल म्हणजे नुसतं हुंगलं तर डांबरगोळीची आठवण करून देणारं प्रकरण, पण फुलाच्या वासाला जो मादक जडपणा असतो तो बराचसा त्याचाच. झाडाकडून येणारी रसद तुटली की प्रत्येक रेणूचं उत्पादन सारख्याच वेगानं घसरत नाही, म्हणून वासाचा तोलच बदलतो.

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तरवाल्यांना रसायनं माहीत नव्हती, तरी फुलांचा स्वभाव ठाऊक होता. चमेली आणि निशिगंध ते काचेवर थापलेल्या थंड चरबीवर मांडून ठेवत. तोडलेली फुलं वास सोडत राहत, चरबी तो शोषून घेई. गुलाबाला हा लाड नव्हता. तोडल्यावर तो नव्यानं फारसं काही देत नाही, म्हणून त्याला सरळ गरम चरबीत बुडवायचे नाहीतर भट्टीवर चढवायचे.

आणि तळेगावच्या पॉलिहाऊसमधला, कागदात गुंडाळलेला लांब दांड्याचा डच गुलाब? त्याचा वास तोडल्यामुळे उडाला, असं आपण उगाच समजतो. बहुतेक वेळा तो झाडावरही नव्हता. दांडा लांब हवा, पाकळी जाड हवी, प्रवासात टिकायला हवं, या निवडीत वास मागे पडला. २०१५ साली फ्रेंच संशोधकांनी ‘पापा मेयां’ हा सुवासिक आणि ‘रूज मेयां’ हा जवळपास बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून तपासला. जिरॅनिऑल हा गुलाबाचा खास रेणू बनवायला लागणारं एक विकर सुवासिक जातीच्या पाकळ्यांत भरपूर होतं. बिनवासाच्या जातीत त्याचं जनुक जवळपास झोपलेलं होतं.

वासाचा गुलाबही शीतपेटीतून काढल्या काढल्या मुकाच वाटतो, कारण २ ते ४ अंशांना हे रेणू हवेत उडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तासभर खोलीत ठेवून मग हुंगावा. गुलछडीला एवढीही मनधरणी लागत नाही. बाटलीत उभी केली की खालून वर एकेक कळी उमलत जाते आणि दिवेलागणीला वास सुटतो.