शाळेचा सर्व्हर कुणाच्या हाती

अमेरिकेतल्या शाळांचे तंत्रज्ञान-प्रमुख ज्या संघटनेत एकत्र येतात तिचं नाव कन्सोर्शियम फॉर स्कूल नेटवर्किंग, बोलताना ‘कोसन’. आपल्या क्षेत्रात कोण काम करतं याची पाहणी ही संघटना २०१३ पासून करते आहे आणि त्यातलं चित्र हट्टी आहे: या पदांवर बहुसंख्य पुरुष, बहुसंख्य गोरे. त्याच देशातल्या सरकारी शाळांत चारातल्या तीन शिक्षक स्त्रिया आहेत. वर्ग बायकांकडे आणि सर्व्हर पुरुषांकडे ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती. ती कशी होत गेली हे पाहायचं तर कोसनच्या तीस वर्षं मागे जावं लागतं.

शाळांमध्ये संगणक आधी आला तो वर्गात नव्हे, कार्यालयात. पगारपत्रकं, पटसंख्या, हजेरी, प्रगतिपुस्तकं ही कामं मोठ्या संगणकांवर नेणाऱ्या मंडळींनी १९६२ मध्ये असोसिएशन फॉर एज्युकेशनल डेटा सिस्टिम्स ही संघटना काढली. मुलांना शिकवण्याशी यातल्या बऱ्याच जणांचा रोजचा संबंध नव्हता.

दुसरा प्रवाह शिक्षकांचा. मिनेसोटाने १९७३ मध्ये एमईसीसी ही राज्यभराची व्यवस्था उभी केली, त्यामुळे खेड्यातल्या शाळेलाही टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाचा वेळ मिळू लागला. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये कम्प्युटर-युझिंग एज्युकेटर्स, टेक्सासमध्ये १९८० मध्ये टेक्सास कम्प्युटर एज्युकेशन असोसिएशन, अशा शिक्षकांच्या संघटना निघाल्या. ऑरेगन विद्यापीठातले डेव्हिड मूरसंड यांनी १९७९ मध्ये इंटरनॅशनल कौन्सिल फॉर कम्प्युटर्स इन एज्युकेशन स्थापन केलं. इथे यायला पद लागत नव्हतं. शाळेतला एकुलता संगणक चालवणारी गणिताची बाई इथे तितकीच हक्काची.

१९८९ मध्ये हे दोन प्रवाह एकत्र येऊन इंटरनॅशनल सोसायटी फॉर टेक्नॉलॉजी इन एज्युकेशन, म्हणजे इस्टे, तयार झाली. कागदावर हा संगम झाला खरा. पण मला वाटतं, पाणी फार मिसळलं नाही: इस्टेवर शिक्षकांचा रंग चढला आणि यंत्रणा सांभाळणाऱ्यांची स्वतंत्र जागेची गरज तशीच राहिली.

ती जागा इंटरनेटने दिली. वेगवान संगणकजाळ्यासाठीचा, तेव्हाचे सिनेटर अल गोर यांनी लावून धरलेला कायदा डिसेंबर १९९१ मध्ये झाला. विद्यापीठांना जाळं मिळणार, मग शाळांचं काय, हा प्रश्न घेऊन पुढच्याच वर्षी कोसन उभी राहिली. नावातच ‘नेटवर्किंग’ आहे. तेव्हाची परिस्थिती अशी, की १९९४ मध्ये ३५ टक्के सरकारी शाळांत इंटरनेट होतं आणि वर्गखोल्यांचा हिशेब केला तर जेमतेम ३ टक्के. मार्च १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात ‘नेटडे’च्या दिवशी हजारो स्वयंसेवकांनी शाळांमध्ये तारा ओढल्या, खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि उपराष्ट्राध्यक्ष गोर त्यात सामील झाले. छायाचित्रं छान आली, पण तारा ओढल्यावर त्या सांभाळणार कोण, हे त्या दिवशी सुटलं नाही.

ते सुटलं पैशाच्या वाटेने. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून ‘ई-रेट’ योजना आली. शाळा आणि ग्रंथालयांना दूरसंचार व इंटरनेटच्या खर्चात २० ते ९० टक्के सवलत. मुलं जितकी गरीब तितकी सवलत जास्त. वर्षाला २.२५ अब्ज डॉलरची मर्यादा होती, २०१४ च्या सुधारणेत ती ३.९ अब्ज झाली. पण सवलत आपोआप येत नव्हती. सुरुवातीच्या काळात तंत्रज्ञान-आराखडा सादर करावा लागे, आधी ४७० क्रमांकाचा फॉर्म, मग ४७१, निविदांचे नियम, लेखापरीक्षणासाठी कागद जपून ठेवणं. हे सगळं करायला माणूस लागला, आणि ‘टेक्नॉलॉजी डायरेक्टर’ हे पद अनेक ठिकाणी इथेच पक्कं झालं. २००३ पर्यंत जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेत इंटरनेट पोचलं होतं.

आता या खुर्चीत बसलं कोण? कोसनच्या पाहण्यांत दिसतं, की या पदावरच्या स्त्रिया बहुतेक शिकवण्याच्या वाटेने आल्या आणि पुरुषांमध्ये थेट आयटीतून आलेले जास्त. पद जोवर ‘शिक्षणात संगणक कसा वापरावा’ एवढ्यापुरतं होतं, तोवर पहिली वाट रुंद होती. नेटवर्क, फायरवॉल, डेटा-गोपनीयता ही कामं वाढली तशा जाहिरातीतल्या अटी दुसऱ्या वाटेकडे झुकल्या, असा माझा कयास आहे. संघटना आपले सदस्य याच खुर्च्यांमधून घेणार. मग तिचा चेहरा वेगळा कसा असेल?

लहान जिल्ह्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. अमेरिकेतला ‘शालेय जिल्हा’ म्हणजे आपल्याकडचा जिल्हा नव्हे. ते बहुधा निवडून आलेलं मंडळ असलेलं, अनेक राज्यांत स्वतः कर बसवणारं शाळांपुरतं प्रशासन. असे सुमारे १३,००० जिल्हे आहेत. लॉस एंजलिससारख्याकडे लाखो मुलं, तर मोंटाना किंवा नेब्रास्कात एखाद्याकडे एकच शाळा. तिथे तंत्रज्ञान-प्रमुख म्हणजे प्रोजेक्टर दुरुस्त करणारी, राज्याला आकडे कळवणारी आणि दुपारी दोन तास शिकवणारी एकच व्यक्ती. जिल्हा परिषदेच्या शाळेत ‘तंत्रस्नेही’ ठरलेल्या गुरुजींकडे सगळी ऑनलाइन माहिती भरण्याचं काम येतं, त्यांना हे लगेच कळेल. न्यूयॉर्कमध्ये १९४८ पासूनच्या बोसेस या सहकारी सेवा-संस्था किंवा टेक्सासची २० प्रादेशिक सेवा केंद्रं अशा जिल्ह्यांना हात देतात. सगळीकडे तो हात तितकाच मजबूत नसतो.

अशा माणसासाठी कोसनची राष्ट्रीय परिषद म्हणजे शेकडो डॉलरचं नोंदणी शुल्क, वर विमान, हॉटेल; आणि तेवढे दिवस शाळेत बिघाड झाला तर पाहणारं कुणी नाही. म्हणून सहभाग वाढवण्याचे जे उपाय झाले त्यांत राज्य-शाखा मला सगळ्यात कामाच्या वाटतात: गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कोसनने पदावर नव्याने आलेल्यांसाठी अकादमीही चालवली. शालेय तंत्रज्ञान-प्रमुखांसाठीचं कोसनचं सीईटीएल हे प्रमाणपत्र मात्र दुधारी आहे. आयटीची पदवी नसलेल्या शिक्षिकेला ते हातात पुरावा देतं. पण परीक्षेचं शुल्क आणि अभ्यासाचा वेळ, दोन्ही मोठ्या जिल्ह्यातल्या माणसाला सोपं जातं.

२०२० च्या कोविडने या मंडळींना तळघरातून उचलून अधीक्षकांच्या, म्हणजे शालेय जिल्ह्याच्या प्रमुखांच्या, बैठकीत आणलं. घराघरात उपकरणं आणि जोडण्या पोचवण्यासाठी संसदेने पुढच्या वर्षी ७.१७ अब्ज डॉलरचा आपत्कालीन निधी दिला. पाठोपाठ संगणकातली माहिती अडकवून पैसे मागणारे खंडणीखोर आले. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजलिसच्या शालेय यंत्रणेवरच हल्ला झाला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याचं शैक्षणिक तंत्रज्ञान कार्यालय बंद झालं, त्यामुळे लहान जिल्ह्यांनी सल्ल्यासाठी जायची आणखी एक जागा गेली.

त्याआधी केंद्रीय दूरसंचार आयोगाने सायबर सुरक्षेसाठी तीन वर्षांचा २० कोटी डॉलरचा प्रायोगिक कार्यक्रम जाहीर केला होता. अर्ज आले अडीच हजारांहून अधिक, मागणी ३.७ अब्ज डॉलरची. निवड झाली सातशेच्या आसपास अर्जदारांची. पण ज्यांच्याकडे हा अर्ज भरायला माणूसच नव्हता, ते जिल्हे या मोजणीत मुळात आलेच नाहीत.