शेपूट वर आली म्हणजे पुढचं वजन परत आलं असं नाही

मागच्या महिन्यात डॅलसच्या एका मित्राचा फोन आला, "अरे कॅम्पर जोडला की ट्रकची शेपूट बसते, मागून दोन इंच लिफ्ट करू का एअरबॅग टाकू?" (अमेरिकेत पिकअपलाच ट्रक म्हणतात. कॅम्पर म्हणजे मागे ओढायचा, आत राहता येईल असा ट्रेलर. आणि ही एअरबॅग अपघातात फुगणारी नव्हे, मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची रबरी पिशवी.) ट्रक सरळ दिसला की काम झालं असा त्याचा समज, आणि बहुतेकांचा असतो. पण शाळेतला तरफेचा नियम वेगळंच सांगतो.

बैलगाडी भरताना मागं माल जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रकचंही तेच होतं, फक्त इथे टेकू म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. समजा ट्रेलर २५०० किलोचा आहे. त्याचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, यायलाच हवा, नाहीतर ट्रेलर हायवेवर शेपटासारखा डोलायला लागतो. म्हणजे ३०० किलो धरा. हिचचा बॉल (ट्रेलर ज्या गोळ्यावर बसतो तो) मागच्या अ‍ॅक्सलच्या १.३ मीटर मागे, आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.७ मीटर. ३०० गुणिले १.३ भागिले ३.७, साधारण १०५. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले! आणि मागच्या चाकांवर ३०० नाही, ४०५ आले. स्टीअरिंग पुढची चाकं करतात, ब्रेकचं जास्त काम पण तीच करतात, आणि नेमकी तीच हलकी झाली.

आता एअरबॅग कुठे बसते बघा, चॅसिस आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये. हवा भरली की ती चॅसिसला वर ढकलते आणि तेवढ्याच जोराने अ‍ॅक्सलला खाली. शेपूट वर येते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, स्प्रिंग रबरी स्टॉपवर आपटत नाही, हे फायदे खरे आहेत. पण १.३ मीटर तेवढंच राहिलं, ३०० किलो तेवढेच राहिले, मग पुढचे १०५ किलो येणार कुठून? स्प्रिंगला जास्तीचा पाटा टाका, रबरी सपोर्ट टाका, उत्तर तेच.

भार पुढे नेतो तो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. त्याचे दोन स्प्रिंगचे दांडे ट्रेलरच्या दांडीला ताणून अडकवतात, आणि तो ताण हिचला पीळ देतो, ढकलगाडीचे दांडे वर उचलले की पुढचं चाक दाबलं जातं तसं. वरच्याच उदाहरणात ट्रेलरचा अ‍ॅक्सल बॉलपासून ५ मीटरवर धरला आणि पुढची चाकं पूर्ण पूर्ववत केली, तर मागच्या चाकांवर ४०५ ऐवजी २४० च्या आसपास उरतात आणि ६० एक किलो ट्रेलरच्या चाकांवर जातात. (काही कंपन्या पूर्ण नको, अर्धंच परत आणा म्हणतात, मॅन्युअल बघा.) एअरबॅग असेल तर आधी तिच्यात कमीत कमी हवा ठेवून हिच सेट करायचा, मग थोडी हवा भरायची. उलट केलं तर ट्रक आधीच सरळ दिसतो आणि दांडे ढिलेच राहतात.

एअरबॅगच्या खोक्यावर ५००० पाउंड छापलेलं असतं, त्या आकड्याला भुलू नका. तो बॅगांचा आकडा आहे, तुमच्या ट्रकचा नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेच आहेत, आणि ट्रकची खरी मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते.

लिफ्टचं तर मी स्पष्ट नको म्हटलं. पाट्याखाली ठोकळा घातला की ट्रक उंच होतो, स्प्रिंग कडक होत नाही, भार घातला की तेवढीच बसते. शिवाय बॉल उंच गेला की ट्रेलरचं नाक पण वर जातं, मग खाली झुकलेला बॉल माउंट (बॉल धरणारा दांडा) घ्या. एअरबॅग मात्र हौद्यात सामान भरणाऱ्याला छान, कारण तो भार बराचसा अ‍ॅक्सलच्या वरच असतो.

मित्राला म्हटलं, आधी टेप घे आणि पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची मोज, ट्रेलर जोडायच्या आधी आणि नंतर. रविवारी त्याचा मेसेज आला, पुढून पाऊण इंच उचलला जातोय. आता तो वेट डिस्ट्रिब्यूशन हिच शोधतोय.